१८ मेची मुळ्ळिवाय्क्काल कांजी: ६० माणसांचं प्रमाण हवंय

ब्रॅम्प्टनकर:
ईलम (श्रीलंकेतल्या) तमिळ शेजाऱ्यांनी १८ मेच्या स्मृतिदिनाला कांजी, म्हणजे तांदळाची पेज, रांधायचं काम आमच्या मंडळाकडे दिलंय. ६० माणसं धरलीत. तांदूळ-पाणी किती? जिऱ्याची फोडणी, वरून काजू चालतील का? सजावटीला कळलावीची फुलं आणावीत, असंही काहींचं म्हणणं आहे.

पेजवाली:
फोडणी नको, काजू तर नकोच. ही आपली कोकणातली पेजच, पण मुद्दाम निकस ठेवतात. २००९ मध्ये श्रीलंकेतलं यादवी युद्ध संपताना मुळ्ळिवाय्क्कालला, नंदिक्कडल खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत अडकलेल्या तमिळ नागरिकांना शेवटी शेवटी तांदूळ, पाणी आणि मिळालं तर मीठ एवढंच उरलं होतं. अन्नवाटपाच्या रांगांजवळही तोफगोळे पडले. चव सुधारायला जाऊ नका.

माणशी १५० मिली, म्हणजे ९ लिटर. १ किलो लाल तांदूळ दोन तास भिजवा, १० लिटर पाण्यात शिजवा. शीत दोन बोटांत पूर्ण चुरडलं की झालं. ५० ग्रॅम मीठ शेवटी घाला. तळाला लागलं तर खरवडू नका, वरची पेज दुसऱ्या पातेल्यात ओता, नाहीतर करपट वास सगळीकडे पसरतो. उभी राहिली की घट्ट होते, म्हणून २ लिटर उकळतं पाणी हाताशी ठेवा. आदल्या रात्री करून बाहेर ठेवू नका. भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष पुन्हा उकळूनही जात नाही.

उत्तरायण:
कळलावी आपणहून नेऊ नका. तमिळमध्ये तिला कार्तिगैपू म्हणतात. वाघांनी, म्हणजे श्रीलंकेत वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढलेल्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेने, तिला आपलं फूल मानलं आणि २७ नोव्हेंबरच्या मावीरर नाळला (वीरांच्या दिवसाला) त्यांच्या मृत सैनिकांना ती वाहतात. १८ मेचा दिवस मुख्यतः मारल्या गेलेल्या नागरिकांचा. काही ठिकाणी तेव्हाही ती दिसते, पण तो निर्णय यजमानांचा. एलटीटीई कॅनडात २००६ पासून बंदी घातलेल्या संघटनांत आहे, त्यामुळे झेंडा-चिन्हांबाबतही तेच. शिवाय कळलावी कंदापासून पाकळीपर्यंत विषारी, अन्नाजवळ नकोच. पणत्या आणि साधी पांढरी फुलं न्या.

भाषणात आकडा आपल्या मनाने सांगू नका. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये ४०,००० पर्यंत नागरिक गेले असावेत असं म्हटलं, तमिळ संघटना त्याहून बराच मोठा आकडा धरतात. यजमान लिहून देतील तोच वाचा. आणि नाव नीट उच्चारा: मुळ्ळिवाय्क्काल. ळ आपल्याला येतो, मग 'मुल्ली' म्हणू नये.

ब्रॅम्प्टनकर:
कांजी करवंटीतून द्यायची आहे. गळत नाही का?

पेजवाली:
डोळ्यांकडची अर्धी गळते. तीन डोळ्यांतला एक मऊ असतो, गरम पेज तिथूनच झिरपते. बिनडोळ्यांचीच अर्धी घ्या, म्हणजे ६० जणांना ६० नारळ, वर चार-पाच जास्तीचे, कारण फोडताना काही वाकडे तडकतात. बाहेरच्या शेंड्या पॉलिश पेपरने घासा, करवंट्या दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा. न उकळलेल्या करवंटीचा खवट वास पेजेला लागतो.