मदत हवी आहे: आजीच्या मापट्याचे कप किती?

आजीच्या भाजणीच्या चकल्यांचं प्रमाण वहीत सापडलंय, पण सगळं मापटं-चिपट्यात, म्हणजे २ मापटी तांदूळ, १ मापटं हरभरा डाळ, १ चिपटं उडीद डाळ वगैरे. २ चिपट्यांचं १ मापटं आणि २ मापट्यांचा शेर एवढं आई सांगते, पुढे तीही गप्प 😄

नशिबाने माळ्यावर ते पितळी मापटं मिळालं, पट्टी लावली तर आतला व्यास ८ सेमी आणि खोली १० सेमी, म्हणजे ३.१४ × ४ × ४ × १० = साधारण ५०२ घन सेमी, आणि १ घन सेमी म्हणजे १ मिली, इथवर ठीक. मग खात्री म्हणून पाणी ओतलं तर माझ्या २४० मिलीच्या कपाने २ कप आणि वर जेमतेम १ टेबलस्पून, म्हणजे ४९५च. ७ मिली गेले कुठे, तळाला पोचा आलाय त्यामुळे का?

पण खरी गोची शिगेची, म्हणजे काठाच्या वर येणाऱ्या ढिगाची आहे. पाण्याला शीग येत नाही आणि आजी तर शिगोशीग भरायची. मग तांदूळ-डाळ मोजताना वरच्या शिगेचे किती मिली धरायचे? का सगळंच सपाट मोजलं तरी चालेल, प्रमाण तेच राहील ना? कुणी जुन्या मापाने भाजणी करत असाल तर प्लीज सांगा, शनिवारी दळायला टाकायचीय.