रेडिओचं श्रेय आधी तपासू

तुम्ही तक्ता मांडून म्हटलंय की आफ्रिकेतल्या सर्वेक्षणांत रेडिओ ऐकणाऱ्या घरांत मच्छरदाणीचा वापर जास्त दिसतो, म्हणजे रेडिओवरचा मलेरियाविरोधी प्रचार लागू पडला. इतकी घाई नको. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या हातात बहुधा चार पैसेही जास्त. शिवाय 'आठवड्यातून एकदा तरी रेडिओ ऐकता का' आणि 'गेल्या 6 महिन्यांत मलेरियाबद्दल काही ऐकलं का' हे दोन निराळे प्रश्न. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

वापर मोजतात तो 'काल रात्री जाळीत कोण झोपलं' यावरून. पण 2 माणसांमागे 1 या हिशोबाने घरात जाळ्या पुरेशा होत्या का, हे आधी बघा. पाच माणसांत एकच असेल तर जाहिरातीने करायचं तरी काय? त्यात मलेरियाची खास सर्वेक्षणं पावसाच्या सुमारास होतात, मोठी आरोग्य सर्वेक्षणं बरेचदा कोरड्या दिवसांत. ते आकडे शेजारी मांडून 'वापर घटला' म्हणणं म्हणजे मे महिन्यात छत्र्या मोजणं.

आपल्या ठाणे-नवी मुंबईत तर आणखी जपून. इथला मलेरिया पसरवणारा डास, अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी, गच्चीवरच्या टाकीत नि बांधकामावरच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. नवी मुंबईजवळ उलव्याकडे मजुरांच्या पत्र्याच्या खोलीत जाळी लावली की पंख्याचा वारा अडतो, मग ती खुंटीवर जाते. संदेश सगळ्यांना पाठ असतो! (डेंग्यूचा डास तर मुख्यतः दिवसा चावतो, तो विषयच वेगळा.)

तुमच्या तक्त्यात सांपत्तिक गट वेगळे काढलेत का? असतील तर तेवढे रकाने इथे टाका.