भोसरीतल्या वर्कशॉपमधे टीसीई वापरतात, लिव्हरची कुठली तपासणी करावी?

मंडळी, मदत हवीये. माझा धाकटा भाऊ भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमधे आहे, तिथे पार्ट्सचं ऑइल काढायला टीसीई म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन वापरतात, उघड्या टाकीत जॉब बुडवायचे आणि हातानेच काढायचे, ना एक्झॉस्ट ना धड मास्क. घरी येतो तेव्हा कपड्यांना तो गोडसर वास आणि डोकं जड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने याला ग्रुप १ मधे, म्हणजे माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलंय, किडनीबद्दल पुरावा पक्का, लिव्हरबद्दल मर्यादित, पण जीव टांगणीला लागलाय हो. त्याची एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आली, तेवढ्यावर निर्धास्त रहायचं का? सोनोग्राफी, हिपॅटायटिस बी पण करून घेऊ? पुण्यात कामगारांच्या आजारांचे चांगले डॉक्टर कोणी माहितीयेत का? आणि नोकरीवर गदा न येता मालकाकडे एक्झॉस्टचा विषय कसा काढावा, प्लीज सांगा.