रबरी रूळ असलेलं जुनं वॉशिंग मशीन: कुठलं असेल?

वैशाली_चिपळूण

नमस्कार. चिपळूणचं आत्याचं घर पाडून नवं बांधायचं ठरलंय, म्हणून आठवडाभर सामान काढतेय. वरच्या खोलीत कोपऱ्यात, दोन गोधड्यांखाली, आत्याचं धुण्याचं मशीन आहे. ते तिथे आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याच्यावरचं पांघरूण कित्येक वर्षांत कुणी काढलं नव्हतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालचं सगळं गेलं. फ्रिज, कपाटं, फोटोंचे अल्बम. हे वर होतं म्हणून वाचलं.

भाऊ म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाकू. मला द्यायचं नाही. पण निदान हे आहे तरी काय, कुठलं, कधीचं, ते कळलं तर त्याला काही सांगता येईल.

दिसायला असं: चौकोनी, पत्र्याचं, वर मुलामा, उंचीला माझ्या कमरेच्या थोडं खाली. टब एकच, ड्रायर नाही. आपल्या मशीनला तळाशी पंखा असतो तसा याला नाही. त्याऐवजी टबच्या एका भिंतीत काळी गोल चकती आहे, तिच्यावर उंचवटे. वरच्या बाजूला दोन रबरी रूळ, एकावर एक, उसाच्या चरकात असतात तसे, आणि ते हाताने फिरवायचा दांडा. हे सगळं प्रकरण दुमडून टबच्या आत ठेवता येतं, मग वर झाकण बसतं. टायमर नाही, नुसता एक खटका. पुढे नावाची पट्टी असावी, कारण तिथे दोन भोकं आहेत.

आत्याचे यजमान, आमचे अण्णा, डॉक्टर होते. १९५७ ते १९६४ ते दोघं ब्रिटनमधल्या वेल्समध्ये होते, कोळसा खाणींच्या भागात. परत येताना बोटीने जे सामान आलं त्यात हे आलं. तिथे कुणाकडून तरी जुनंच घेतलं होतं, एवढं आत्या सांगायची.

ते आणायचं खरं कारण आत्याचं मनगट. पहिल्याच हिवाळ्यात ती बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं. पोळ्या लाटायची, नारळ खवायची, पण ओला कपडा पिळायला गेली की हातातून कळ जायची. आणि चिपळूणचा पाऊस! जुलै-ऑगस्टमध्ये न पिळलेली चादर चार दिवस ओलीच राहते आणि मग तिला जो वास लागतो तो जात नाही. गणपतीत घरात वीस-बावीस माणसं असायची. बंबातलं कढत पाणी बादलीने मशीनमध्ये, त्यात साबणाचा चुरा, आधी पांढरे कपडे. टायमर नाही म्हणून आत्या खटका दाबून अथर्वशीर्ष म्हणायला लागायची. फलश्रुतीला खटका बंद.

मग आमचं काम. एका बाजूने आत्या कपडा रुळांत सरकवणार, दांडा मी किंवा भाऊ फिरवणार, पलीकडून दुसऱ्याने धरायचं. साबणाचं पाणी परत टबात पडायचं, त्यातच रंगीत कपडे. “बटणं आत घे, आणि बोटं लांब” हे ती प्रत्येक कपड्याला म्हणायची. शेजारच्या काकू पावसात पिळण्यापुरत्या आपल्या चादरी घेऊन यायच्या. आत्या कुणाला नाही म्हणाली नाही.

कुणी ओळखेल का?

---

जुना_मेकॅनिक

वैशालीताई, वर्णन इतकं नीट केलंत की फोटोची गरज नाही. १९६९ ला मुंबईत ग्रँट रोडला एका दुकानात हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा पारशी बागांतून, म्हणजे पारशी वसाहतींतून, आणि परदेशी लोकांच्या फ्लॅटमधून अशी ‘रिंगर’, म्हणजे पिळायचे रूळ असलेली, मशीनं दुरुस्तीला यायची. बोटीवरच्या लोकांनी आणलेलीही असायची.

आधी एक सांगतो. रूळ आहेत म्हणून मशीन फार जुनं, असा अंदाज बांधू नये. अमेरिकेच्या मेटॅग कंपनीने रूळवाली मशीनं थेट १९८३ पर्यंत काढली. रुळांपेक्षा पाणी कशाने घुसळतं ते बघावं. अमेरिकन मशीनमध्ये टबच्या मधोमध पंख लावलेला खांब उभा असतो, तो अर्धा फेरा इकडे अर्धा फेरा तिकडे फिरतो. आपल्याकडच्या नेहमीच्या दोन टबांच्या मशीनला चकती तळाशी. भिंतीत चकती, एकच टब, हाताचे रूळ आणि ते दुमडून आत जाणारे, या चारही खुणा एकत्र आल्या की माझ्या डोळ्यांपुढे एकच मशीन येतं: हूवर कंपनीचं पहिलं घरगुती धुण्याचं मशीन, १९४८ चं. वेल्सचं ऐकल्यावर तर माझी जवळपास खात्रीच झाली.

तरी दोन गोष्टी बघा. मागच्या बाजूला किंवा खाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर व्होल्ट आणि मॉडेल नंबर. ओल्या फडक्याने हलकेच पुसा, घासू नका, अक्षरं निघून जातात. दुसरं, वायरीचा प्लग कसा आहे? चपट्या पिनांचा की गोल?

मशीन विजेला लावू नका. अजिबात नाही. त्याबद्दल सविस्तर नंतर लिहितो.

---

गोदाकाठची_मंजू

हे मशीन मी कधी पाहिलेलं नाही, पण अथर्वशीर्षापाशी थांबले आणि लिहावंसं वाटलं. आमच्याकडे नाशिकला १९९१ मध्ये पहिलं मशीन आलं, औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचं, दोन टबांचं. नळाला पाणी सकाळी तासभर. त्यामुळे मशीन नळाला जोडलेलं कधी नव्हतंच, आई पिंपातून बादलीने पाणी भरायची. एकाच साबणाच्या पाण्यात आधी बाबांचे शर्ट, मग रंगीत, मग पायपुसणी. खळबळलेलं पाणी पुन्हा बादलीत घेऊन अंगण धुवायला. आताची आपोआप चालणारी मशीनं स्वतःच पाणी सोडून देतात, ते आईला बघवत नाही. तिचं दुःख मला पटतं.

ड्रायरमध्ये कपडे एका बाजूला जास्त झाले की मशीन थडथडत सरकायचं. मग झाकण उघडून, ब्रेक लागेपर्यंत थांबून, हाताने कपडे सारखे करायचे आणि वर ती जाळीची चकती दाबून बसवायची. ते काम माझं होतं. टायमर संपत आल्यावरची टिकटिक अजून कानात आहे.

---

कार्डिफहून

मी गेली अकरा वर्षं वेल्समध्ये आहे. जुना_मेकॅनिक काकांचं बरोबर असेल तर वैशालीताई, तुमचं मशीन अण्णांच्या दवाखान्यापासून फार लांब बनलेलं नाही. हूवरचा धुलाई यंत्रांचा कारखाना मर्थर टिडफिलजवळ पेंट्रेबाख इथे होता, १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये उघडला. खाणींवर आणि लोखंडाच्या भट्ट्यांवर जगलेलं हे गाव. त्या भट्ट्या बंद पडल्यानंतर तिथे फार बेकारी होती, त्यामुळे या कारखान्याने हजारो घरं चालवली. २००९ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. १९८५ ची सिंक्लेअर सी-५ नावाची तीन चाकी विजेची गाडीसुद्धा तिथेच जुळवत असत.

माझ्या शेजारच्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, खोऱ्यातल्या खाण कामगाराची मुलगी. त्यांना तुमचं वर्णन सांगितलं. त्यांनी लगेच उजवा हात गोल फिरवून दांडा कसा फिरवायचा ते दाखवलं. धुणं सोमवारी, हा त्यांच्याकडचा नेमच होता. आणि भारतीय डॉक्टर या खोऱ्यांतून पुष्कळ होते, त्यांच्या लहानपणीचा डॉक्टरही भारतीयच.

---

वैशाली_चिपळूण

पट्टी सापडली! मागे, खालच्या बाजूला. अर्धी गंजलेली आहे, पण “हूवर लिमिटेड” स्पष्ट वाचता येतं आणि मॉडेलच्या पुढे ०३०७. प्लग गोल पिनांचा, तीन पिना, चांगल्या जाड.

कार्डिफहून, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आत्या त्या दिवसांबद्दल बोलताना नेहमी सोमवार म्हणायची. “आज माझा सोमवार आहे” म्हणजे आज धुणं आहे, मग वार कुठलाही असो. आम्हाला वाटायचं तिचा उपास असतो. आज पहिल्यांदा उलगडा झाला.

काका, हे कधी काळी चालेल का? आणि ठेवायचं तर कसं ठेवू?

---

जुना_मेकॅनिक

०३०७ म्हणजे तेच. आता शंका नाही. अण्णांनी ते सेकंडहँड घेतलं हेही जुळतं. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात हूवरनेच दोन टबांचं मशीन काढलं, कपडे पिळायला वेगळा फिरता टब असलेलं. ते घेणाऱ्यांनी रूळवाली मशीनं विकून टाकली. ज्यांचं मनगट दुखतं त्यांच्यासाठी हे रूळवालंसुद्धा मोठंच काम करत होतं, म्हणा.

प्लगचं विचारलं त्याचं कारण: आपल्याकडचा गोल पिनांचा प्लग मुळात ब्रिटिश पद्धतीचा. तिकडे पुढे चपट्या पिना आल्या, आपण गोलच ठेवल्या. तिकडची वीज २४० व्होल्टच्या आसपास, आवर्तनं सेकंदाला ५०, आपल्यासारखीच. म्हणून आत्याबाईंना बोटीतून उतरवून थेट भिंतीला लावता आलं. हेच अमेरिकेहून आणलं असतं तर ट्रान्सफॉर्मर लागला असता, आणि ६० आवर्तनांची मोटर इथे हळू फिरली असती.

आता चालवण्याचं. त्या काळच्या वायरीवर रबराचं आवरण असायचं. इतक्या वर्षांत ते वाळून बिस्किटासारखं होतं, वाकवलं की तुकडे पडतात आणि तांबं उघडं. वर पत्र्याची बॉडी आणि आत पाणी. माझ्या हाताखालच्या एका पोराला अशाच मशीनने असा झटका दिला की दोन मिनिटं त्याला बोलता येईना. तेव्हापासून माझा नियम: जुनं मशीन आलं की आधी मुख्य वायर कापून टाकायची, म्हणजे घरात कुणाला लावून बघायचा मोहच होत नाही. तुम्हीही तेच करा. प्लगसकट वायर कापून मशीनसोबतच पिशवीत ठेवा. पुढे खरंच चालवायचं असेल तर सगळी वायरिंग नवी, अर्थिंग नवं, मोटर मेगरवर (वीज बाहेर गळते का ते दाखवणाऱ्या मीटरवर) तपासायची, चकतीच्या मागचं सील बदलायचं. सील गेलं असेल तर पाणी झिरपत मोटरीकडे जातं. हे काम मोटर वाइंडिंगवाल्याकडे होईल, साध्या मशीन मेकॅनिककडे नाही.

पण एक सांगू? रुळांना वीज लागतच नाही. वरचा दाबाचा स्क्रू आधी पूर्ण ढिला करा. तो आवळलेला राहिला की रबर एका जागी चपटं होतं. कोमट पाण्यात थोडा साबण घालून रूळ पुसा, रॉकेल लावू नका, रबर फुगतं. दांड्याच्या दातांना शिलाई मशीनचं तेल दोन थेंब. मग ओला पंचा घालून बघा. आणि बोटं लांब, आत्याबाई बरोबर सांगायच्या.

---

वैशाली_चिपळूण

वायर कापली. पिशवीत ठेवली.

आज दुपारी मशीन चौघांनी मिळून खाली आणलं आणि मागच्या पडवीत ठेवलं. स्क्रू ढिला करायला अर्धा तास लागला. वरचा रूळ एका टोकाला चिरलाय आणि मधे थोडा चपटा झालाय, खालचा शाबूत आहे. तेल घातल्यावर दांडा आधी करकरला, मग फिरला.

अण्णांचा जुना पंचा भिजवून आणला. भाऊ सकाळपासून भंगारवाल्याच्या फोनची वाट बघत होता, तरी पडवीत येऊन उभा राहिला. मी पंचा सरकवला, त्याने न सांगता दांडा धरला. पाणी टबात पडायला लागलं तेव्हा तो म्हणाला, “बटणं आत घे.” पंच्याला बटणं नसतात. आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

पंचा चिरलेल्या बाजूला जरा ओला राहिला, बाकी छान पिळला गेला. दोरीवर घातलाय. काका, असे रूळ नवीन रबर चढवून कुणी देतं का? मुंबई-पुण्यात कुठे विचारायचं ते सांगा, भाऊ स्वतः घेऊन जायला तयार आहे.