गीझर दुरुस्त करावा की बदलावा? ग्वाल्हेरकरांनो, अनुभव लिहा

मंडळी, दिवाळी झाली, रजया बाहेर निघाल्या आणि आमच्या गीझरने मान टाकली. २५ लिटरचा, ११ वर्षांचा. तासभर चालू ठेवला तरी पाणी कोमटच, आणि आतून भात रटरटल्यासारखा आवाज. मिस्त्री म्हणाला, "भाईसाब, एलिमेंट डाल दूँगा, पर अब नया ही ले लो." चिरंजीवांचंही तेच मत. आई म्हणते, "अकरा वर्षांत कुणी म्हातारं होतं का? माझा मिक्सर बघ." तुम्ही काय केलंत आणि नंतर पस्तावलात का, ते लिहा. कंपनीची नावं नकोत, उगाच भांडणं होतात.

थाटीपूरहून
दादा, तो आवाज क्षाराचा. आमच्याकडे बोरिंगचं पाणी, दोन वर्षांत चहाचं पातेलंसुद्धा पांढरं होतं. एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कांडीवर, तो थर चढला की खाली अडकलेलं पाणी फुटून उकळतं, तेच तुम्हाला ऐकू येतंय. आमचा आठव्या वर्षी असाच रटरटायला लागला. नवा घ्यायला निघालेच होते, पण शेजारच्या काकांनी आधी उघडायला लावला. आत एलिमेंटच्या बाजूला मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, अ‍ॅनोड म्हणतात त्याला. तो स्वतः झिजतो म्हणून टाकीचं पोलाद गंजत नाही. आमचा पार संपला होता. आठ वर्षांत इतके मिस्त्री येऊन गेले, एकाने त्याचं नाव काढलं नाही! एलिमेंट, रॉड, रबरी गास्केट, तिन्ही बदललं. त्याला आता चार वर्षं झाली.

मुरारहून
मी पस्तावलेल्यांपैकी. आमचा टाकीतून गळत होता, पण मिस्त्री म्हणाला जोड ढिला आहे. आधी वॉशर, मग सेफ्टी व्हॉल्व्ह, मग बाहेरून एम-सील. तीन फेऱ्यांत नव्या गीझरचे अर्धे पैसे गेले आणि न्हाणीघराच्या भिंतीचे पोपडे निघाले ते वेगळे. शेवटी पत्रा काढून पाहिलं तर टाकीच्या बुडाला गंजून भोक. वेल्डिंग करून द्या म्हटलं, तर आतलं काचेचं अस्तर जळतं म्हणे, मग तिथूनच पुन्हा गंज. तेव्हा ओल कुठून येते ते आधी बघा. नळीच्या जोडातून येत असेल तर दुरुस्ती, टाकीतून असेल तर एक रुपयाही घालू नका.

लष्कर भागातून
वय वर्षे ७६. आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. मधे निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, वरून गार ओतलं की तोटीतून कढत बाहेर. गळला की तांबट डाग देऊन जायचा, बदलायचा विषयच नव्हता. धाकट्या सुनेने तो मोडीत काढायचं म्हटलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही, फक्त तोटी काढून ठेवली. अजून आहे. प्रश्नाशी याचा संबंध नाही, माफ करा.

माधवगंजातून
आजोबा, लिहीत जा हो!
माझं थोडक्यात. नळाला हात लावला की मुंग्या यायच्या. एलिमेंट चिरलं होतं, ते बदललं आणि वाटलं मिटलं. भाच्याने येऊन तपासलं तर प्लगात अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. गीझर नवा घेतला असता तरी धोका तसाच राहिला असता. आधी अर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), मग बाकीचं.

कंपूहून
वीज खात्यातून निवृत्त आहे, म्हणून जरा हिशेब. २५ लिटर पाणी १५ अंशांवरून ५५ वर न्यायला साधारण १.२ युनिट लागतात. २००० वॅटच्या एलिमेंटला त्यासाठी ३५ मिनिटं पुरतात. पण हे २३० व्होल्टला. थंडीत सकाळी सगळ्यांचे गीझर एकदम लागतात आणि व्होल्टेज १८० वर आलं की तेच एलिमेंट सव्वाबाराशे वॅटच देतं, म्हणजे जवळजवळ तास. तेव्हा दुपारी एकदा लावून बघा. दुपारी झटपट तापला तर गीझर निर्दोष! दुपारीही कोमटच आणि गीझरचा दिवा लवकर विझत असेल, तर क्षाराने एलिमेंटजवळच उष्णता साठतेय आणि पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट फसतोय.

सिटी सेंटरहून
दुरुस्तीच्या कटकटीला वैतागून आम्ही गॅसचा घेतला, तोही बंद न्हाणीघरात. तिसऱ्या आठवड्यात वहिनी आत चक्कर येऊन पडल्या. नशीब, कडी लावली नव्हती. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. आता तो बाहेर गच्चीवर बसवलाय, आत फक्त पाइप येतो. असा बदल करण्यापेक्षा जुन्याची दुरुस्ती शंभर वेळा परवडली.

पुन्हा थाटीपूरहून
कुणी सौर सुचवायच्या आत सांगते: आहे आमच्या दिरांकडे, वर्षभर उत्तम. जानेवारीत धुकं आठवडाभर हटत नाही, तेव्हा सगळे बादल्या घेऊन आमच्याकडे.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. कंपूच्या साहेबांचं ऐकून दुपारी लावला. दहा मिनिटांत दिवा बंद, पाणी कोमट. रविवारी मिस्त्रीला समोर बसवून उघडायला लावला. खालचं झाकण काढताच अंड्याच्या टरफलांसारखे पांढरे पापुद्रे पडायला लागले, दोन तांबे भरले. अ‍ॅनोडची उरली होती नुसती तार, सायकलच्या आऱ्याएवढी. बॅटरी मारून टाकी आतून पाहिली, वरून पत्राही काढून पाहिला. कोरडी ठणठणीत, गंजाचा ठिपका नाही. एलिमेंट, थर्मोस्टॅट, रॉड आणि गास्केट मिळून मजुरीसकट १,९०० रुपये झाले. चिरंजीव म्हणतात, ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात नवा बघून तर येऊ. म्हटलं, मेळ्याला जाऊ, पापड खाऊ, परत येऊ.

आई सकाळी सहालाच अंघोळीला गेली. पावणेसात झालेत, अजून बाहेर आलेली नाही.