‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, अंकुश की आणखी काही?

बोरू: न्यूयॉर्क शहर आश्रय मागणाऱ्यांच्या निवाऱ्यावर जो खर्च करतं, त्याविषयीचा मजकूर मराठीत आणतोय. ‘पब्लिक ओव्हरसाइट’चं ‘सार्वजनिक देखरेख’ केलं होतं. तपासणाऱ्याने ते खोडून ‘नजरचूक’ केलं! इंग्रजीत दोन्ही अर्थ आहेत, पण इथे पार उलटंच झालं. तरी ‘देखरेख’ही तोकडीच वाटते.

टाक: देखरेख मुकादम करतो. तिथला कंप्ट्रोलर, म्हणजे शहराचा मुख्य हिशेबतपासनीस, निवडून येतो आणि करार त्याच्या दप्तरी नोंदला गेल्याशिवाय सहसा पैसे सुटत नाहीत. त्याला ३० दिवस मिळतात. २०२३ मध्ये याच निवाऱ्याच्या कामासाठी एका कंपनीला दिलेला ४३.२ कोटी डॉलरचा विनानिविदा करार त्याने नोंदायला नकार दिला. महापौरांनी तरी तो रेटला. त्यामुळे ‘अंकुश’ही नको, हत्ती चालतच राहिला.

वेलांटी: मग सरळ ‘लेखापरीक्षण’.

टाक: ते मागाहून. याच कराराचं २०२४ मध्ये झालं: पहिल्या दोन महिन्यांत दिलेल्या १.३८ कोटी डॉलरपैकी सुमारे ८० टक्के रकमेला धड कागद नव्हते किंवा ती करारात बसत नव्हती. रिकाम्या हॉटेलखोल्यांचेही पैसे गेले. बिलाला रोजची खोलीवार यादी जोडलेली नसेल तर खोली भरलेली होती की रिकामी, हे कशावरून ठरवणार? आणि हो, ‘इमर्जन्सी प्रोक्युअरमेंट’ला ‘तातडीची खरेदी’ लिहा. ‘आणीबाणीची’ म्हटलं की वाचक थेट १९७५ मध्ये जातो.

शुद्धिपत्र: ‘पडताळणी’ घ्या. कंप्ट्रोलरचं मूळ ‘काउंटर-रोल’, म्हणजे ताळा पाहायला ठेवलेली दुसरी वही. मधला ‘प’ हिशेबाच्या फ्रेंच शब्दाशी खोटं नातं जोडल्यामुळे घुसला. जुन्या उच्चारात तो नाहीच, म्हणतात ‘कंट्रोलर’. आपला ‘पड’ही ‘प्रति’च की: पडसाद, पडछाया.

वेलांटी: पडछाया मान्य. ‘पडताळा’ त्याच माळेतला कशावरून? आणि ‘निर्वासित’ लिहिलं नाही ना? तो घालवून दिलेला. इथे अर्ज अजून निकाली निघालेला नाही.

बोरू: ‘आश्रयार्थी’ लिहिलंय.

शुद्धिपत्र: ‘शरणार्थी’ काय वाईट?

वेलांटी: हिंदी बातम्यांचा वास येतो. शिवाय मराठीत शरण जातो तो हरलेला.

शुद्धिपत्र: विठ्ठलाला शरण जाणारे सगळे हरलेले का?

टाक: ‘आश्रित’ तेवढा टाळा. तो दुसऱ्याच्या ताटावर बसलेला.

बोरू: अहो, ‘ओव्हरसाइट’चं काय?

वेलांटी: आधी ‘पडताळा’ची व्युत्पत्ती येऊ द्या.