मदत हवी आहे : लॅपटॉपचे वाय-फाय तुटू नये म्हणून कोणता राउटर घ्यावा?

घरात १०० एमबीपीएसची फायबर जोडणी असूनही, राउटर असलेल्या दिवाणखान्यापासून एका विटांच्या भिंतीपलीकडे बसले की माझ्या लॅपटॉपचे वाय-फाय दर अर्ध्या तासाने तुटते, आणि ऑनलाइन शिकवणी घेत असताना तसे झाले की मुलांचे नुकसान होते. केबल लावल्यास लॅपटॉप दिवसभर सुरळीत चालतो. फोन मात्र त्याच जागी तसाच अडखळतो. ड्रायव्हर अद्ययावत केला, वायरलेस कार्डाची वीजबचत बंद केली, राउटरचे चॅनेल (पट्ट्यातील उपविभाग) १, ६ आणि ११ आळीपाळीने वापरून पाहिले.

सध्याचा राउटर केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि शेजाऱ्यांची वीसेक नेटवर्क त्याच पट्ट्यात दिसतात. लॅपटॉपमध्ये वाय-फाय ५ चे, म्हणजे ५ गिगाहर्ट्झवरही चालणारे कार्ड आहे. भाड्याचे घर असल्याने भिंतीतून केबल नेता येत नाही. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून तुलनेने कमी जातात, तेव्हा ३००० रुपयांपर्यंतचा कोणता ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांत चालणारा) राउटर अशा घरात निदान वर्षभर न अडखळता चालल्याचा आपला अनुभव आहे?